हात पुढे कर!

मी एक जुनी छडी आहे. निर्गुडीची! मित्रांनो, लगेच हात मागे घेऊ नका. आता मी कुणाला मारत नाही. माझ्या टोकाला गुलाबी रिबीन आहे आणि वर्गात मला 'बोलकी काठी' म्हणतात.

माझा जन्म वेल्ह्याकडच्या एका वाडीत, भातखाचराच्या बांधावर झाला. तिथल्या शाळेत तेव्हा एक रीत होती. ज्याला मार खायचा, त्यानेच बांधावर जाऊन आपली छडी तोडून आणायची. बारीक आणली तर गुरुजी परत पाठवायचे. मला तोडलं सिद्धनाथने. वरच्या धनगरवाड्यावरचा पोरगा. मेंढरं सोडून मग डोंगर उतरायचा, म्हणून त्याला रोज उशीर व्हायचा. गुरुजींनी मला वाकवून पाहिलं आणि म्हणाले, "झकास! हात पुढे कर." मला मिळालेली पहिली शाबासकी तीच. मी त्याच्या तळव्यावर अशी काही वाजले, की संध्याकाळी त्याला भाकरी मोडता येईना. वर्ष संपायच्या आत त्याने शाळा सोडली. मी मात्र गुरुजींच्या हातून तेल पीत मस्त गुळगुळीत झाले.

पुढे मारणं बंद झालं आणि मी कपाटामागे पडले. अंगावरून झुरळं फिरायची, कुणी विचारायचं नाही. मग राजनंदिनी बाई आल्या. त्यांनी मला पुसलं, रिबीन बांधली आणि नियम केला : काठी ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं.

आणि परवाचा दिवस तर काय सांगू! मुलांनी मला लावून ओटा मोजला. मला अंगणात रोवून सावली कशी सरकते ते पाहिलं. नकाशावर मी गुंजवणी नदीवरून फिरले, मग गाण्याला ताल धरला. शेवटच्या तासाला पालक येणार होते. बाईंना काळजी एकाच मुलीची, सातवीतल्या प्रांजलची. तिला पुढे शिकायला भोरला ठेवायचं की मेंढरांमागे धाडायचं, हे तिचा बाप त्या दिवशी ठरवणार होता. बाप म्हणजे तोच सिद्धनाथ! वर्गात कधी तोंड न उघडणारी प्रांजल त्याच्यासमोर मला हातात धरून बोलणार होती. बाईंनी तिच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं.

तो आला आणि दारातच थांबला.

"आत या ना, दादा!"

"न्हाई बाई, मी हितंच बरा हाय."

"असं कसं? प्रांजलच्या आधी तुम्हीच दोन शब्द बोला." बाईंनी हसत मला त्याच्यापुढे धरलं.

त्याने मला पाहिलं. आणि त्याचा उजवा हात आपोआप पुढे आला. तळवा वर, बोटं ताठ, डोळे मिटलेले.

"बाई, प्रांजलचा बाप मार मागतोय!" सार्थक ओरडला. वर्गात एकच हशा पिकला. बाईंनाही आवरेना. "अहो, आता नाही हो मारत!" असं म्हणत त्यांनी गमतीने मला त्याच्या तळव्यावर हळूच टेकवलं. मग तर पोरं बाकांवर लोळली.

सिद्धनाथने हात धोतराला पुसला. "चल गं प्रांजल. मेंढरं खोळंबल्यात."

"आबा, माजं बोलायचं ऱ्हायलंय."

"बोलून झालंय. लई झालं."

प्रांजलने मला हातसुद्धा लावला नाही. दप्तर उचललं आणि बापामागे चालू लागली.

शाळा सुटल्यावर बाई मोबाईलवर दिवसाचं मनोगत बोलून नोंदवत होत्या. "मुलं आज मोजमाप शिकली, सावली शिकली, गाणं शिकली. एका पालकांनी तर धमाल उडवली! प्रांजलचं बोलणं तेवढं राहिलं, उद्या घेऊ."

दुसऱ्या दिवशी प्रांजल आली नाही. आजही आली नाही. पोरांचा हात पुढे करून एकमेकांना हसवायचा नवा खेळ मात्र जोरात चालू आहे.

मित्रांनो, बाकीच्या जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मी उलटं सांगते. तुमच्या शाळेत माझी एखादी बहीण असेल, तर तिला रिबिनी बांधू नका. मोडून चुलीत घाला, वाळकी निर्गुडी छान पेटते. मलाही घाला. फक्त मोडायला प्रांजलला बोलवा. मला हातात धरायची तिची पाळी राहिली आहे.