चतुरामावशीचा अभिप्राय

मी शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, मोबाइल गेम बनवला. मूर्तिजापूरच्या चतुरामावशीसकट अख्ख्या गोतावळ्यानं न खेळताच पाच-पाच तारे दिले. मग त्या दीडशहाण्या ऑनलाइन दुकानानं प्रत्येक अभिप्रायाखाली खेळल्याचा वेळ दाखवायला सुरुवात केली. आमच्या सगळ्यांच्या नावाखाली शून्य मिनिटं. माझी अब्रूच गेली.

मी मावशीच्या हातापाया पडलो. "दोन तास तरी खेळ."

ती चार तास खेळली आणि तिनं अभिप्राय बदलला: "बैल दिवसभर पळून राहिले, पन पान्याची बादली कुठीच नाई. आमच्या अश्विनले लहानपनापासून ढोरायची अक्कल नाई. एक तारा."

दुकानानं तोच सगळ्यात वर ठेवला. खाली लिहिलंय, "९१२ जणांना उपयुक्त वाटला." त्यात आई आहे. तिनंच सांगितलं.