नव्या कॅमशाफ्टची बारा मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा आहे. आधीच सांगतो, मी मनाचा मोठा नाही.

धोंडिबांच्या पेट्रोल जीपमध्ये मी सदतीस वर्षं फिरलो. माझ्या अंगावरचे उंचवटे टॅपेट नावाच्या लोखंडी खुंट्यांना वर ढकलत, तेव्हा कुठे इंजिन श्वास घेई. दर चौदा एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर घेऊन जीप टिटवाळ्यात मिरवणुकीपुढे चाले. धोंडिबा चालवत आणि त्यांची पत्नी कांताबाई मागून पायी येत. कुणी इंजिनाचं कौतुक केलं की ते मी एकट्यानेच घेत असे.

धोंडिबा गेले. जीप पाच वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. यंदा कांताबाईंचे गुडघे पार गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने, महेंद्रने ठरवलं की जयंतीला आई जीपमध्ये पुढे बसणार. माजिवड्याला दामाजी मिस्त्रींकडे इंजिन खोललं. "सगळं नवंच टाका," महेंद्र म्हणाला आणि मी बाहेर आलो.

नवा आला तो कागदात गुंडाळून. महेंद्रने त्याचे फोटो काढले. सदतीस वर्षांत माझा एक फोटो नाही! मला गॅरेजचं दार आपटू नये म्हणून आडवं टाकलं. माझा नुसता जळफळाट झाला. ज्याने अजून एक फेरा मारला नाही, त्याचे एवढे लाड!

दामाजींनी बजावलं होतं, "मी असल्याबिगर चालू करू नको. स्टार्ट झाला का वीस मिनिटं फास्टच ठेवायचा. जोरात फिरला तरच तेल उडून कॅमवर पडतं."

जयंतीला सहा दिवस होते. दामाजी हॉर्नची वायर आणायला नौपाड्याला गेले असताना महेंद्र आईला घेऊन आला. कांताबाईंनी मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. महेंद्रला राहवेना. त्याने स्टार्टर मारला.

"पप्पा, मिस्त्रीकाका फास्ट ठेवायला बोललेले ना?" त्याची मुलगी मेघना म्हणाली.

"अगं, नवीन आहे. बिचाऱ्याला हळूच चालू दे."

मग पेढे झाले, फोटो झाले. पाचव्या मिनिटाला मला बारीक टिकटिक ऐकू आली. कोरडं लोखंड लोखंडाला खात होतं. आम्हा वस्तूंना वाचा नाही हे खरं, पण असती तरी मी बोललो नसतो. मी खूश झालो होतो.

बाराव्या मिनिटाला दामाजी धावत आले आणि त्यांनी चावी बंद केली. "काय केलंस रे महेंद्र!"

नव्याला काढलं, तर त्याचे दोन उंचवटे झिजून सपाट झालेले. मग दामाजींनी मला उचललं, पुसलं. मी हरखलो.

"हा चालला असता. पण याच्या जोडीचे टॅपेट भंगारात गेले. नव्या टॅपेटसंगती याचं जमायचं नाय." त्यांनी मला खाली ठेवलं. "आणि लोखंडाचा चुरा तेलात गेलाय. सगळं धुवावं लागंल. जयंतीला नाय होणार."

तसबीर दुसऱ्याच्या टेम्पोतून गेली. कांताबाई बिल्डिंगच्या गेटपाशी खुर्चीत बसून होत्या. मिरवणूक आली आणि पुढे निघून गेली. हे महेंद्रने नंतर गॅरेजात येऊन दामाजींना सांगितलं.

मे महिन्यात तिसरा कॅमशाफ्ट बसला. या वेळी महेंद्रने वीस मिनिटं पाय दाबून धरला. शेजारचे दुकानदार ओरडले तरी सोडला नाही. दामाजी म्हणाले, "त्या जुन्याला पण पहिल्या दिवशी कोणीतरी असंच धरलं असंल. म्हणून तर एवढा टिकला."

मला हे माहीतच नव्हतं. ज्या दमावर मी एवढा फुगलो, तो कुणा अनोळखी माणसाने दिलेला होता.

मित्रांनो, नव्याला नुसतं गोंजारू नका, त्याला काय हवं ते जाणत्याला विचारा. आणि आपल्या जागी कुणी आला म्हणून पोटात दुखलं, तर दुखू द्या. मला अजून दुखतं. पण त्याची टिकटिक ऐकून खूश होऊ नका. मी झालो होतो. वर्ष मात्र कांताबाईंचं गेलं.