लुदोमीरचं ठरलेलं मरण

लढाईत लुदोमीरने कायेतानच्या हातून मरायचं, हे हिवाळ्यातच ठरलं होतं. तेव्हा दोघं एका बाकावर बसून चिलखताच्या कड्या ओवायचे आणि एकमेकांच्या ढेरीवर विनोद करायचे. मे महिन्यात कायेतानची बायको बोग्ना लुदोमीरकडे राहायला गेली. त्यानंतर ते मरण बदलायचा विषय आमच्या मंडळात कुणी काढला नाही. काढायचा तर कसा?

दर ऑगस्टला आम्ही किल्ल्याखालच्या कुरणात सहाशे वर्षांपूर्वीची लढाई खेळ म्हणून उभी करतो. अर्धे पोलिश सरदार होतात, अर्धे त्यांच्यावर चालून आलेले जर्मन शूरवीर. मी पंच. हत्यारं तपासायची आणि धोका दिसला की शिंग फुंकून सगळं थांबवायचं.

त्या दिवशी कायेतानच्या तलवारीच्या कडेवरून मी अंगठा दोनदा फिरवला. बोथट होती. कुठे खाच नव्हती.

"काय शोधतेस, किंगा?"

"नेहमीचंच."

"तलवारीत नाही सापडायचं ते," तो म्हणाला, आणि शिरस्त्राण चढवून रांगेत गेला.

मी तशीच लुदोमीरच्या तंबूत गेले. तो जाड रजईदार अंगरख्याचे बंद बांधत होता.

"आज पोटात दुखतंय म्हण आणि झोपून राहा," मी म्हटलं.

"गावभर होईल, लुदोमीर घाबरला म्हणून."

"मग त्याला बाहेर बसवते."

"नको." त्याने बंद ओढला तो तुटला. "बायको नेली त्याची. आता लढाईतली जागाही घेऊ?"

दोन्ही रांगा भिडल्या तेव्हा बोग्ना तटावर होती, तिरंदाज बायकांमध्ये. कुरणाभोवती दोऱ्यांमागे माणसांची दाटी. कर्ण्यावर निवेदक गरजत होता आणि नगारे चालूच होते.

पहिल्या घावाला लुदोमीरने पडायचं होतं. पडला नाही. मला वाटतं, तो मुद्दामच कायेतानला मारू देत होता. दुसरा घाव त्याच खांद्यावर आला, तिसराही तिथेच. हे घाव नाटकातले नव्हते. आवाजावरूनच कळत होतं. पण खांद्यावर मारायची मुभा असते, म्हणून मी शिंग ओठांशी धरून थांबले.

चौथा डोक्यावर आला.

मी जीव खाऊन शिंग फुंकलं. नगाऱ्यांत ते बुडालं. लुदोमीर गुडघ्यावर आला, हनुवटीखालचा पट्टा तुटला आणि शिरस्त्राण गवतात घरंगळलं. आणि त्याच वेळी मागची राखीव तुकडी धावत सुटली. ठरल्याप्रमाणेच. चिलखत घातलेली दांडगी माणसं, डोळ्यांपुढे बोटभर फट. पायाखाली कोण आहे हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मी हात हलवत आडवी पळाले, पण अंतर फार होतं.

कायेतानची तलवार अजून वरच होती. खाली लुदोमीरचं उघडं डोकं.

"कायेतान!" तटावरून बोग्ना ओरडली.

तिचं त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. त्याने मान वळवून मागून येणारी तुकडी पाहिली. तलवार टाकली, लुदोमीरच्या अंगावर पालथा पडला आणि दोघांच्या डोक्यांवर ढाल ओढून घेतली.

तुकडी त्यांच्यावरून गेली. पुढचे दोघं अडखळून पडले, तेव्हा कुठे बाकीचे थांबले. नगारे थांबले. लोकांना वाटलं, हेही खेळातलंच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ढाल उचलली तेव्हा लुदोमीरच्या कपाळातून रक्त येत होतं, पण तो शुद्धीवर होता. कायेतानचं मनगट मोडलं होतं. बोग्ना धापा टाकत आली, दोघांकडे पाहून क्षणभर घुटमळली, मग लुदोमीरपाशी बसून ओढणीने त्याचं कपाळ पुसू लागली. कायेतान ते बघत होता.

मी त्याच्या हातमोज्याचे पट्टे कापत होते. "वाचवलंस त्याला," मी म्हटलं.

"मेला असता तर ही जन्मभर त्याच्यासाठी रडली असती. ते मला बघवलं नसतं." मग तो म्हणाला, "डोक्यावर मी मारला, किंगा. मुद्दाम. तसंच सांग सगळ्यांना."

मी सांगितलं, आणि वर्षभर त्याला मैदानाबाहेर ठेवलं. त्याने वाद घातला नाही. लुदोमीरनेही नाव काढून घेतो म्हटलं, तेव्हा बैठकीत मागच्या खुर्चीवरून कायेतानच बोलला.

"त्याला राहू द्या. मी परत येईन तेव्हा फक्त माझ्यासमोर उभा करू नका. शेजारी करा."

"शेजारी?" मी विचारलं.

"शेजारच्याचं तोंड दिसत नाही," तो म्हणाला.

लुदोमीर खाली बघत होता. मी पुढच्या उन्हाळ्याची रांग कायेतान म्हणाला तशीच लावली.