खाजवींचा नकार

इराणमधल्या केरमानच्या त्या कचेरीत मी सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. डोंगराखालून पाण्याचा बोगदा कोण खणणार, हे आज आमची समिती गुण देऊन ठरवणार होती. ज्याला काम मिळेल, त्याच्या हाताखाली माझा भाऊ कियूमर्स त्या डोंगरात शिरणार होता. डोंगराच्या पोटात काय आहे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही मोजकी भोकं पाडून पाहिली होती, मधल्या भागाचा सगळा अंदाजच.

आधी आलेल्या दोन्ही कंत्राटदारांना अध्यक्ष बहमन्यार यांनी एकच प्रश्न विचारला, "मोठं यंत्र लावून तीन वर्षांत पुरं कराल?"

"डोळ्यांवर, साहेब!" दोघेही छातीवर हात ठेवून म्हणाले, म्हणजे हुकूम शिरसावंद्य, आणि भरघोस गुण घेऊन गेले.

शेवटी तिसरे कंत्राटदार अर्दलान खाजवी आले. पांढऱ्या मिशा, चुरगळलेला कोट. प्रश्न ऐकून म्हणाले, "हे माझ्याच्यानं होणार नाही. माझ्यापेक्षा लायक माणसं शोधा."

बहमन्यार खूश झाले. "वा! याला म्हणतात खानदानी माणूस! बाकीचे नुसते फुशारक्या मारून गेले."

"खरंच नाही जमणार, साहेब."

"अहो, चहा घ्या. दोनदा नाही म्हणालात, आता तिसऱ्यांदा हो म्हणायचं!" आणि त्यांनी हसत हसत पूर्ण गुण मांडले.

आमच्याकडे पाहुणासुद्धा पहिल्या आग्रहाला ताटाला हात लावत नाही. त्यामुळे खोलीत सगळ्यांना हा तआरुफ, म्हणजे मानपानाचाच खेळ वाटला. मलाही वाटला असता. पण खाजवी हसत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आगा खाजवी," मी मध्येच बोलले, "माझा भाऊ त्या बोगद्यात असणार आहे. आता तआरुफ नको. खरं सांगा."

बहमन्यारांनी डोळे वटारले. खाजवी माझ्याकडे वळले.

"पोरी, मग त्याला यंत्रामागे पाठवू नकोस. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मी खणलंय. भुसभुशीत खडक, मागे पाण्याचा लोंढा. यंत्र गाडलं गेलं. माणसं कशीबशी बाहेर काढली."

बहमन्यारांनी गुणांवर काट मारली. मला मघाचं ते "डोळ्यांवर" आठवलं. त्या दोघांनी खडकाबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता!

"मग कसं खणायचं?" मी विचारलं.

म्हातारा खुर्चीतून अर्धा उठलाच. "पुढे लांब भोक पाडायचं, पाणी बघायचं, मगच सुरुंग! रोज बघायचं, रोज ठरवायचं. असं असेल तर करतो मी!"

"किती वर्षं?" बहमन्यार.

"माहीत नाही."

"अहो, 'माहीत नाही' याला गुण कसे देऊ?"

"सगळे द्या!" मी जवळजवळ ओरडलेच. "आज खरं बोललेला हा एकच माणूस आहे!"

बराच वाद झाला, आवाज चढले, चहा गार झाला. अखेर बहमन्यारांनी कपाळ चोळत सही केली. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

"माझी एक अट आहे," खाजवी म्हणाले. "ज्यांनी निवडलं, त्यांनी पहिल्या दिवशी मजुरांच्या आधी माझ्याबरोबर आत यायचं."

बहमन्यारांना एकाएकी खोकला आला. मी तिथूनच भावाला फोन लावला.

"कियूमर्स, काम चांगल्या माणसाकडे गेलंय. पण तू मागे राहायचं, समजलं? आधी मी आत जाणार आहे."