न बदलणारं पान

टाकेबाईंचा खांदा धरला, तेव्हापासून त्यांचं शिवणाचं दुकान बंद होतं. वेबसाइटवरही त्यांनी तसंच लिहून टाकलं होतं. आता हात पुन्हा मशीनवर बसला, पण जुन्या गिऱ्हाइकांना ते कळावं कसं? बाईंनी 'दुकान सुरू आहे' असं लिहिलं, सेव्ह केलं आणि पान उघडून पाहिलं. मेलं ते 'बंद' म्हणजे बंदच.

त्यांच्या नवऱ्याला गल्ली 'बंद-चालू काका' म्हणायची. कुणाचा प्रिंटर अडो, कुणाचं इंटरनेट, काकांचं औषध एकच. घरच्या कॉम्प्युटरलाही तेच मिळालं, पण गुण आला नाही.

बाईंचं डोकं फिरलं. नाहीतरी कुणाला दिसत नाही म्हणून त्यांनी चाचणीची ओळ ठोकली: 'आमच्याकडचे तज्ज्ञ शिंक आली तर नाकसुद्धा बंद करून चालू करतील.' पान तसंच. काका मात्र स्वतःच्या फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

"रोज एक नवी ओळ टाकून बघ," ते गंभीरपणे म्हणाले. "कधीतरी लागेल."

बाईंनी रोज टाकली. काकांचं घोरणं झालं, कंजूषपणा झाला. टोमणे संपले तेव्हा एका दुपारी त्यांनी लिहिलं: 'हात उचलत नव्हता तेव्हा ह्यांनी रोज माझी वेणी घातली. वाकडी घातली, पण रोज घातली. तोंडावर मी हे कधी म्हणणार नाही.'

दुसऱ्या दिवशी दुकानात शेजारची डॉक्टरीण उभी, हातात उसवलेला कोट.

"आम्ही रोज वाचतो तुमचं," ती म्हणाली. "कालची वेणी वाचली आणि म्हटलं, आता जायलाच हवं."

बाई तरातरा घरी आल्या. काकांनी निमूट दोन बटणं दाबली आणि सगळ्या ओळी पडद्यावर आल्या.

"आपला कॉम्प्युटर जुनंच पान साठवून दाखवत होता. बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून नवं दिसत होतं."

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. पण माझ्याबद्दल तुझ्या मनात काय आहे, ते मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळणार होतं?"

लाजेनं बाईंची कानशिलं तापली होती. एकेक टोमणा पुसत काका शेवटच्या ओळीपाशी आले.

"हीसुद्धा काढू?"

"काढून तर बघा," बाई म्हणाल्या.