गोचिडाचं औषध

कुत्र्याबद्दल मले कोनी अक्कल शिकवाची नाई. वरवट बकालच्या आमच्या वावरातून रानडुकरं अन् रोही हाकलाले चाळीस वर्सं कुत्रे पाळले मी. लग्न होऊन आली तवा भांड्यासंगं एक पिल्लू बी आनलं होतं. सासू म्हने, "सून आनली का कुत्रेवाली?" मी म्हन्लं, दोनी.

गोचीड झाले की आमचा इलाज एकच. कपाशी फवारून झाली की पंपातलं उरलेलं औषध बादलीत ओतायचं, वरून पानी, अन् कुत्रं बुडवून काढायचं. बीटीचं बियानं आलं तवा दुकानदार म्हने, आता फवारनीचं कामच नाई. कायचं काय! बोंडअळी दोन-चार वर्सं दबली, त मावा-तुडतुडे बोकांडी बसले. पंप काही पाठीवरून उतरला नाई, अन् औषध काही घरातून सरलं नाई.

मंग खामगावच्या लेकीनं मले पांढरी पॉमेरियन कुत्री देल्ली. तीन किलोची, नाव फुलकी. गाव हासलं. "कोकिळाबाई, हे कुत्रं हाय का उंदीर?" पन पहिल्या वेताले चार पिल्लं झाली, अन् हासनारेच दारात उभे राह्यले. तीन इकली, एक ठेवली, बिजली. मले वाटलं, हेच करावं आता. वावरात तसंबी काय उरलं होतं?

फुलकी दुसऱ्यांदा गाभन होती तवा तिले गोचीड झाले. मी बाजारात गेली होती. आमच्या बुढ्यानं, म्हंजे माह्या नवऱ्यानं, जानरावनं, रागात नाव घेतलं त घेतलं, तिले त्याच औषधाच्या बादलीत बुडवलं. मी आली तवा तोंडाले फेस, पाय ताठ. डॉक्टर येईलोक जीव गेला. पोटातल्या पिल्लाइसकट!

मी बुढ्याले काय नाई बोलली! मुडदा बशिवला त्याचा. तो एकच वाक्य बोलला, "तूच त शिकवलं होतं." त्यानं त माह्या अंगाची आगच झाली. खरं होतं म्हनून जास्त झाली. वर्सभर मी त्याले धड बोलली नाई. बिजलीचे वेत घेतले, दुसरी कुत्री आनली, खामगाव-शेगावचे लोकं मोटारसायकलीवर येऊ लागले. फुलकी कशी गेली ते मात्र कोनाले सांगतलं नाई.

परवा नांदुऱ्याचं एक जोडपं ओट्यावर पिल्लं पाहून राह्यलं होतं. तेवढ्यात संग्रामपूरची अनुपमा धावत आली. दिवाळीले माह्याकडूनच पिल्लू नेलं होतं तिनं. टॉवेलात गुंडाळलेलं, ओलं, थरथरून राह्यलं होतं. वास आला अन् मले समजलं.

"कपाशीचं औषध लावलं? एवढ्याशा जिवाले? डोक्सं ठिकान्यावर हाय का तुहं? शिकलेली ना वो तू!"

अनुपमा रडता रडता भडकली. "आमच्या मोठ्या कुत्र्याला तेच लावतात काकू! तुम्ही इंजेक्शनं सांगितली, अंडं कधी द्यायचं ते कागदावर लिहून दिलं. मग हे काहून नाही सांगितलं?"

सांगतलं असतं त फुलकीचं सांगा लागलं असतं. मंग पिल्लू कोनं नेलं असतं?

बुढा मधात आला, पिल्लू हिसकलं, नळाखाली धरलं. "साबन आन. डॉक्टरले फोन लावला म्या."

"तुमाले काय समजते त्यातलं?"

"फुलकी गेली त्या दिवशी डॉक्टरनंच सांगतलं होतं, पहिले साबनानं धुवाचं. तू आयकलं कुठी? तू मले शिव्या देऊन राह्यली होती."

मी साबन आनली. दोघानं मिळून धुतलं, तीनदा. डॉक्टर आला, त्यानं इंजेक्शनं देल्ली, बराच वेळ बसला. मंग म्हने, "वाचते. धुतलं म्हनून वाचते."

अनुपमानं डोळे पुसले. "काकू, फुलकी कोण?"

बुढा खाली पाहू लागला. तो काही सांगनार नव्हता. वर्सभर शिव्या खाल्ल्या, तरी गावात कुठी बोलला नाई मेला. त्याचाच मले जास्त राग आला.

"बिजलीची माय," मी म्हन्लं. "अशीच मेली, माह्या घरात. बादली याच्या हातात होती, पन शिकवलं मीनं. चाळीस वर्सं मीच बुडवत होती कुत्रे. तुले सांगतलं नाई, कारन माहा धंदा बुडला असता."

नांदुऱ्याची बाई उठली. नवऱ्याले खूण केली. दोघं चपला घालू लागले.

"जा!" मी वरडली. "नोका नेऊ पिल्लू! पन तुमच्या घरी कुत्रं असन, त त्याले ते औषध लावू नोका! आयकलं का? लावू नोका!"