तोंडात साचा असताना

धामणगाव बढ्याच्या दातांच्या दवाखान्यात डॉ. वैष्णवीने रुग्णांची भीती जावी म्हणून पाण्यातली झाडं असलेली माशांची काचपेटी ठेवली होती. झाडं पिवळी पडू लागली, तेव्हा तिने साखर, पाणी आणि यीस्टची बाटली नळीने जोडली. तिच्यातून झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड पेटीत जाई. आठवड्यात झाडं तरारली.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडला, तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते.

"भूक लागली असन," मदतनीस बेबीताई म्हणाल्या.

"खायला घातलंय. आणि एवढी झाडं आहेत, ऑक्सिजन कमी कसा पडेल?" वैष्णवी काळजीत पडली. पण पहिले रुग्ण आले होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले नागसेन सर कवळीसाठी आले होते. तिने त्यांच्या तोंडात साच्याचा गुलाबी लगदा बसवला.

"तीन मिनिटं हलायचं नाही, सर."

उघड्या दारातून सरांना पेटी दिसत होती. त्यांनी बाटलीकडे बोट केलं, मग डोळे मिटून गालाखाली हात ठेवला.

"सरले झोप येऊन राह्यली," बेबीताई म्हणाल्या.

सरांनी जोरजोरात हात हलवला. साचा निघाल्यावर त्यांनी चूळसुद्धा भरली नाही.

"झोप नाही हो, रात! अंधारात झाडं ऑक्सिजन देत नाहीत, उलटा घेतात. त्यात तुमची बाटली रातभर गॅस सोडून राह्यली. पहिले नळी काढा, अन् पाणी फिरवणाऱ्या फिल्टरचं तोंड वर करा. पाणी हललं की हवा मिसळते."

वैष्णवीने तसं केलं. दुसऱ्या रुग्णाची दाढ काढून ती बाहेर आली, तोवर मासे खाली झाडांत शिरले होते. तिला इतकं हायसं वाटलं की ती खुर्चीत बसूनच राहिली.

"मग दिवसाही पाणी असंच हलू देऊ का, सर?"

"नाही. मग गॅस उडून जाईन, झाडं पुन्हा पिवळी. सकाळी पेटीचा दिवा लागला की नळी आत अन् फिल्टरचं तोंड खाली, रातच्याला दिवा बंद करताना नळी बाहेर अन् तोंड वर."

ते काम बेबीताईंनी घेतलं. महिन्याभरात झाडं एवढी वाढली की छाटावी लागली. बेबीताईंनी त्यातल्या चार फांद्या काचेच्या बरणीत घालून घरी नेल्या.

"याले बाटली नाही लावाची," जाताना त्या म्हणाल्या. "घरी माह्या मागं कामं कमी नाहीत."